डावा मेंदू, उजवा मेंदू आणि बंद दार

सणासुदीच्या दिवसांत भांडण काढू नये, असे आमची आई सांगत असे. पण वर्षभर ज्यांच्याशी भांडायला सवड होत नाही, त्यांच्याशी दिवाळीच्या सुटीत भांडायचे नाही तर केव्हा? तेव्हा वाचकांनी चकलीचा तुकडा मोडता मोडता हा लेख वाचावा, आणि तिखट लागलाच तर दोष चकलीला द्यावा.

माझे भांडण आहे विद्यापीठांतल्या विद्वानांशी, आणि भांडणाचा विषय आहे माणसाचा मेंदू.

माझी लायकी आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी काढायला नको. मी मॅट्रिक आहे. त्या परीक्षेला आता दहावी म्हणतात. आमचे वडील मात्र शेवटपर्यंत मॅट्रिकच म्हणत आले, आणि मलाही तोच शब्द भारदस्त वाटतो. पुढे चित्रकलेच्या मास्तरकीला लागणारी पदविका घेतली. दिवसा शाळेत चित्रकला शिकवतो, रात्री कादंबऱ्या लिहितो. मेंदूविज्ञानावर बोलण्याचा अधिकार याला कोणी दिला, असे कोणी विचारील. कोणीही दिलेला नाही. परंतु ज्या मेंदूची चित्रे पडद्यावर दाखवून विद्वान मंडळी बोलतात, तसले साठ मेंदू रोज सकाळी माझ्यासमोर बाकांवर बसतात. त्यांतले काही जागे असतात, काही अर्धवट झोपेत असतात, आणि दोन-चार तर खिडकीबाहेरच्या चिंचेच्या झाडावर असतात. एवढा अधिकार मला पुरतो.

गेल्या वर्षी एका विद्यापीठात जाण्याचा योग आला. त्याचे नाव सांगत नाही. सांगितले तर बाकीच्यांना आपण सुटलो असे वाटेल. तिथे एका विभागाच्या दाराशी येत्या महिन्यातल्या व्याख्यानांचा फलक लावला होता. मिठाईच्या दुकानाबाहेर उभ्या राहिलेल्या पोरासारखा मी तो वाचला. झोपेत आठवणी पक्क्या कशा होतात, यावर एक व्याख्यान. वाचायला शिकताना मेंदूत काय बदलते, यावर दुसरे. भीती आणि स्मरण, यावर तिसरे. सगळे मास्तराच्या पोटापाण्याचेच विषय! फलकाच्या खालच्या अर्ध्या भागात 'व्यावसायिक विकासाच्या संधी' असे शीर्षक होते आणि त्याखाली कार्यशाळा होत्या: अनुदानासाठी अर्ज कसा लिहावा, परिषदेत भित्तिपत्रक कसे मांडावे, परदेशातल्या जागेसाठी मुलाखत कशी द्यावी. आणि सर्वांत शेवटी एक, जिच्यापाशी मी थबकलो: 'आपले संशोधन सामान्य माणसाला तीन मिनिटांत कसे समजावून सांगावे.'

मी कार्यालयात जाऊन विचारले की, या व्याख्यानांना एखाद्या शाळामास्तराला मागच्या बाकावर बसता येईल काय? खिडकीतल्या गृहस्थांनी सौजन्याने सांगितले (सौजन्याबद्दल माझी काही तक्रार नाही) की व्याख्याने नोंदणी केलेल्या विद्यार्थ्यांसाठी आणि अध्यापकांसाठी आहेत. मग त्या शेवटच्या कार्यशाळेला तरी? तिथे तर तुम्हाला सामान्य माणूस लागणारच.

"ती अंतर्गत आहे," ते म्हणाले.

सामान्य माणसाशी बोलण्याची तालीम, आणि सामान्य माणसाला प्रवेश बंद! ही तीन मिनिटांच्या भाषणाची कल्पना ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठाने २००८ साली स्पर्धेच्या रूपाने सुरू केली आणि पाहता पाहता ती जगभर गेली. कल्पना चांगलीच आहे. पण ज्याच्यासाठी ती निघाली तो माणूस बाहेर टपरीवर चहा पीत उभा, आणि आत एक संशोधक दुसऱ्या संशोधकालाच सामान्य माणूस समजून समजावून सांगतो आहे! आपल्या संगीत नाटकांत एके काळी स्त्रीपार्टी पुरुष करीत. विद्यापीठात सामान्य माणसाचे पात्र प्राध्यापक करतात. निदान बालगंधर्वांना लुगडे तरी शोभत असे.

एका मास्तराला एका व्याख्यानाला बसू दिले नाही, त्यात एवढे काय बिघडले, असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे. भुकेल्या माणसाला घरात पान वाढले नाही तर तो उपाशी राहत नाही, गाडीवरचे खातो. मेंदूविषयी भूक आज प्रत्येक शिक्षकाला आहे आणि प्रत्येक आईबापालाही आहे. त्यातून २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने असे म्हटले आहे की, प्रत्येक शिक्षकाने वर्षाला निदान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत. उत्तम! पण पन्नास तास भरायचे तर कोणीतरी बोलायला हवे. ज्याला मेंदू ठाऊक आहे तो आतून कडी लावून बसलेला. मग बोलायला येतो कोण? एक कोटवाला गृहस्थ येतो आणि पडद्यावर एक रंगीत मेंदू दाखवतो. डावा अर्ध निळा, उजवा अर्ध तांबडा.

डाव्यात गणित, तर्क, भाषा. उजव्यात चित्र, संगीत, कल्पना. मग दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफायची आणि कोणता अंगठा वर येतो ते पाहायचे. त्यावरून तुम्ही डाव्या मेंदूचे की उजव्या मेंदूचे ते ठरते. आमच्या शाळेत असा वर्ग झाला तेव्हा चित्रकलेचा मास्तर या नात्याने मला उजव्या मेंदूचा नमुना म्हणून उभे करण्यात आले आणि आमच्या गणिताच्या बाईंना डाव्या मेंदूचा. आता या बाई दिवाळीत अंगणात एकवीस ठिपक्यांची रांगोळी काढतात. ठिपके मोजायचे, ओळी धरायच्या, चारी बाजू सारख्या राखायच्या, रंग निवडायचे आणि वर शेजारणीशी बोलतही राहायचे. यातला कोणता ठिपका कोणत्या अर्धाने दिला, हे त्या कोटवाल्याने सांगावे, मी त्याचा चेला होतो.

त्याच्या बोलण्यात खरे बोटभर होते. अपस्माराचे झटके आवरत नाहीत अशा काही रोग्यांच्या मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा तंतूंचा जाड पट्टा शस्त्रक्रियेने कापीत असत. रॉजर स्पेरी यांनी अशा रोग्यांवर प्रयोग करून सुटे झालेले दोन अर्ध काय काय करू शकतात ते दाखवले, आणि त्यांना १९८१चे नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेक माणसांत भाषेचे बरेचसे काम डाव्या अर्धात चालते हेही खरे. परंतु तुमचा-माझा पट्टा शाबूत आहे! अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली १०११ जणांच्या मेंदूंची चित्रे तपासून पाहिली. काही कामे एका बाजूला अधिक आणि काही दुसऱ्या बाजूला अधिक चालतात असे दिसले. पण सारा मेंदूच डाव्या बाजूने चालवणारा माणूस आणि उजव्या बाजूने चालवणारा माणूस, अशा दोन जाती काही सापडल्या नाहीत. आपल्याकडे जाती आधीच पुष्कळ आहेत; त्यांत ही नवी भर कशाला?

मला याचा विशेष राग येण्याचे कारण असे की, हे खोटे माझ्या बाजूचे आहे. चित्रकलेचा तास कापून गणिताला द्यावा अशी टूम दरवर्षी निघते, आणि दरवर्षी कोणीतरी शहाणा म्हणतो, "नको, चित्रकलेने मुलांचा उजवा मेंदू वाढतो." हा कैवार मला नको. खोट्या साक्षीदाराच्या जोरावर खटला जिंकण्यापेक्षा मी हरणे पत्करीन. चित्रकला शिकवायची ती पोराला नीट पाहता यावे म्हणून. आणि पाहणे ही काय चीज आहे हे ज्याला कळून घ्यायचे असेल, त्याने मेंदूविज्ञानाच्याच इतिहासात डोकावावे.

स्पेनमध्ये सांतियागो रामोन इ काहाल नावाचा एक मुलगा होता. जन्म १८५२चा. त्याला व्हायचे होते चित्रकार. वैद्यकी करणाऱ्या बापाने त्याला वैद्यकीकडे ओढले. त्या काळी मेंदूचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर नुसता गुंता दिसे. इटलीच्या कामिल्लो गॉल्जी यांनी १८७३ साली चांदीच्या क्षारांची अशी एक रीत काढली की, हजारो पेशींपैकी एखाददुसरीच काळी होई, पण झाली म्हणजे मुळापासून शेंड्यापर्यंत सगळी दिसे, जशी संध्याकाळच्या आभाळावर उमटलेली बाभळ. काहाल हे वर्षानुवर्षे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले आणि दिसेल ते हाताने काढत राहिले. काढता काढता त्यांच्या ध्यानात आले की हे एकसंध जाळे नव्हे. प्रत्येक चेतापेशी सुटी आहे, तिच्या फांद्या दुसरीच्या अगदी जवळ येऊन थांबतात. संदेश कोणत्या दिशेने जातो ते त्यांनी चित्रांत बाणांनी दाखवले. १९०६ चे नोबेल गॉल्जी आणि काहाल यांना मिळून दिले गेले, आणि मौज अशी की गॉल्जींनी आपल्या नोबेल भाषणात काहाल यांच्याच मताचे खंडन केले! पुढच्या संशोधनाने काहाल खरे ठरवले. आता हा मनुष्य डाव्या मेंदूचा की उजव्या? त्याने चित्र काढून तर्क केला, की तर्क करून चित्र काढले?

ही गोष्ट आमच्या प्रशिक्षणात कोणी सांगत नाही. सांगतात ती अंगठ्याची.

हे सगळे हसण्यावारी नेता आले असते. नेता येत नाही, कारण त्यात एक पोर सापडले आहे.

आमच्या शाळेत पाचवीत एक मुलगा आला. आगगाडीचे इंजिन असे काढी की चाकांना जोडणारे दांडेसुद्धा चुकत नसत. पण धडा वाचायला उभा केला की 'कमळ'चे 'मकळ' होई, जोडाक्षर आले की घाम फुटे, आणि वर्ग हसे. बाप बसवर कंडक्टर. दिवसभर तिकिटे फाडून थकलेला हा माणूस पालकांसाठी ठेवलेल्या असल्याच एका मेंदूच्या वर्गाला मुद्दाम रजा काढून गेला. तिथे त्याला सांगण्यात आले की तुमचा मुलगा उजव्या मेंदूचा आहे, तो डोळ्यांनी शिकणाऱ्यांपैकी आहे, त्याच्यावर वाचनाची सक्ती करू नका, त्याला चित्रफिती दाखवा. बाप आनंदला. कोणाला आनंद होणार नाही? आपले पोर मंद नाही, निराळे आहे, असे कोटवाला माणूस सांगतो आहे! वाचन सुटले. सातवीत आला तेव्हा त्या मुलाला दुकानावरची पाटीही धड वाचता येत नव्हती.

कोणी डोळ्यांनी शिकतो, कोणी कानांनी, कोणी हातापायांनी, आणि ज्याला त्याला त्याच्या तऱ्हेनेच शिकवावे, हे मत ऐकायला फार गोड आहे. हॅरोल्ड पॅश्लर आणि आणखी तीन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००८ च्या सुमारास त्यावरचे सगळे संशोधन चाळून पाहिले, आणि अशी वाटणी करून शिकवल्याने मुले अधिक शिकतात असा पुरेसा पुरावा नाही, असे स्पष्ट लिहिले. आवडीनिवडी असतात, पण आवडीने नकाशा कानांनी शिकता येत नाही आणि भूप डोळ्यांनी शिकता येत नाही.

मग मेंदूविज्ञान त्या मुलाविषयी काय सांगते? माणसाने लिपी शोधली त्याला जेमतेम पाच हजार वर्षे झाली. इतक्या थोड्या काळात मेंदूत वाचनाचे वेगळे इंद्रिय कोठून येणार? ते कोणाच्याच डोक्यात जन्मतः नसते. डोळ्यांनी वस्तू आणि चेहरे ओळखण्याचे काम करणाऱ्या भागातला एक तुकडा शिकता शिकता अक्षरांच्या कामाला लागतो. फ्रान्सचे स्टानिस्लास दहान यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली ब्राझील आणि पोर्तुगालमधल्या प्रौढांचे मेंदू तपासून हे दाखवले. त्यांत लहानपणी शाळेत गेलेले होते, निरक्षर होते, आणि मोठेपणी अक्षर शिकलेलेही होते; या मोठेपणी शिकलेल्यांच्या मेंदूतही तो बदल झालेला होता. म्हणजे 'याच्या मेंदूत वाचन नाही' हे वाक्यच खोटे. काही मुलांना अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालणे फार जड जाते. त्याला डिस्लेक्सिया म्हणतात. त्यांना वाचनापासून सोडवायचे नसते. उलट अधिक बारकाईने, एकेक ध्वनी सुटा करून, पुनःपुन्हा शिकवायचे असते.

आणि आता जे सांगतो त्याने वाचकांनाही माझ्यासारखाच संताप यावा. हरियाणातल्या मानेसर येथे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे, केंद्र सरकारचे. त्या केंद्रातील संशोधकांनी भारतीय भाषांतली मुले डिस्लेक्सियासाठी तपासण्याची साधने तयार केली, नाव 'डाली'. ती हिंदीत आहेत, कन्नडमध्ये आहेत, इंग्रजीत आहेत आणि मराठीतही आहेत! शिक्षकाला वर्गात वापरता येईल अशी प्राथमिक चाळणीही त्यात आहे. आमच्या पंचक्रोशीतल्या एकाही शाळेत हे कोणाला ठाऊक नव्हते. कोटवाल्यांची गुळगुळीत पत्रके मात्र महिन्याला दोन येतात. विज्ञान तयार होऊन कपाटात बसले, आणि बाजार दारोदार फिरला. आता शाळा सुटल्यावर एक तरुण बाई त्या मुलाला रोज अर्धा तास घेऊन बसतात. तो पुढे सरकतो आहे. पण गेलेली दोन वर्षे कोणत्या कोटवाल्याच्या खिशातून परत आणायची?

बाजारात आणखीही माल आहे. तो सगळा उलगडत बसत नाही. माणूस मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो म्हणे. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा सुमारे दोन टक्के, पण तो शरीराची वीस टक्के ऊर्जा खातो. नव्वद टक्के रिकामे बसणाऱ्याला इतका फराळ कोणत्या घरात वाढतात? 'मिडब्रेन' जागा करून देतो, मग मूल डोळ्यांवर पट्टी बांधून वाचील, असे सांगून हजारो रुपये घेतात. मध्यमेंदू डोळ्यांची हालचाल सांभाळतो, माणसाला जागे राखायला मदत करतो. तो निजलेला असता तर मूल त्या वर्गापर्यंत चालत आलेच नसते. विवेकवादी कार्यकर्त्यांनी पट्टीची नाकाजवळची फट बुजवली की ती सिद्धी नाहीशी होते. मोझार्टच्या संगीताची कथा तर अजबच. १९९३ साली कॅलिफोर्नियात ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दहा मिनिटे ते ऐकवले. घडीच्या कागदासारख्या एका कोड्यात त्यांना थोडे अधिक गुण पडले, आणि तो परिणाम पंधरा मिनिटेही पुरता टिकला नाही. त्यावरून १९९८ साली जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने नवजात बालकांना संगीत वाटण्यासाठी १,०५,००० डॉलर मागितले! आमच्याकडची गर्भसंस्काराची दुकाने मग मागे कशी राहणार?

आपलेच मास्तर तेवढे भोळे, असे कोणी समजू नये. २०१२ साली ब्रिटन आणि नेदरलंड्समधल्या २४२ शिक्षकांना मेंदूविषयीच्या अशा गैरसमजुती वाचून दाखवल्या, तर सरासरीने जवळजवळ निम्म्या त्यांना खऱ्या वाटल्या. डोळ्यांनी-कानांनी शिकण्याची ती वाटणी तर शंभरांतल्या नव्वदांहून अधिकांनी मान्य केली. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी की, ज्यांना मेंदूविषयी सर्वसाधारण माहिती अधिक होती तेच या गैरसमजुतींत अधिक फसले होते.

इथे विद्वान मंडळी मला पकडतील. म्हणतील, पाहा मास्तर, अर्धवट ज्ञान धोक्याचे. म्हणूनच आम्ही दार लावतो. हे उत्तर मला मान्य नाही. त्या शिक्षकांनी माहिती मिळवली होती ती मासिकांतून, पुस्तकांतून, जिथून मिळेल तिथून. माहितीबरोबर शंका कोणी दिली नव्हती. अमेरिकेत २०१७ साली झालेल्या पाहणीत सामान्य लोकांनी ६८ टक्के गैरसमजुती खऱ्या मानल्या, शिक्षकांनी ५६ टक्के, आणि मेंदूविज्ञानाचे बरेच पाठ घेतलेल्यांनी ४६ टक्के. म्हणजे शिकल्याने फरक पडतो. पुरता पडत नाही हेही दिसते. नुसते व्याख्यान झोडून भागत नाही. व्याख्यान संपल्यावर मागच्या बाकावरून एक हात वर यावा आणि वक्त्याने म्हणावे, "हे आम्हाला अजून ठाऊक नाही." कोटवाल्याच्या तोंडून हे वाक्य मी आजवर ऐकलेले नाही. ते फक्त खऱ्या शास्त्रज्ञाला परवडते, आणि तेच ऐकायला मला त्या सभागृहात जायचे आहे.

शास्त्रज्ञ स्वतःच्या चित्रांवर किती संशय घेतात, त्याचा एक मासलाच द्यायचा तर मासाच देतो. २००९ साली क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सामन मासा आणून मेंदूची चित्रे घेणाऱ्या चुंबकीय यंत्रात ठेवला. त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली आणि रीतसर प्रश्न केला: या माणसाच्या मनात आत्ता कोणती भावना असेल? यंत्राच्या आकडेमोडीत माशाच्या मेंदूतला एक ठिपका उजळला. मासा अर्थात मेलेला होता! गोम अशी की, यंत्र मेंदूचे हजारो बारीक चौकोन पाडते आणि प्रत्येकाची स्वतंत्र परीक्षा घेते. इतक्या परीक्षा घेतल्या की एखाददुसरा चौकोन नुसत्या योगायोगाने पास होणारच, जसा साठांच्या वर्गात एखादा अंदाजाने उत्तर लिहून पास होतो. त्या योगायोगाची वजावट केली की ठिपका गेला. हे काम त्यांनी थट्टेसाठी केले नव्हते, वजावट न करणाऱ्या आपल्याच भाऊबंदांचे कान धरण्यासाठी केले होते. २०१२ साली त्याला इग नोबेल मिळाले. ही एक गोष्ट जर आमच्या पन्नास तासांत कोणी सांगितली, तर पुढच्या खेपेला पडद्यावर रंगीत मेंदू उजळला की निदान दहा मास्तर विचारतील, "वजावट केली होती का?"

दार उघडल्याने काय होते याचे दाखले काही थोडे नाहीत. लंडनमध्ये लोहाराचा एक मुलगा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत होता. शिक्षण म्हणाल तर आमच्या चौथीइतके. १८१२ साली दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला हंफ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. मुलाने प्रत्येक व्याख्यान आकृत्यांसह लिहून काढले, ती वही स्वतः बांधली आणि डेव्हींकडे पाठवली. पुढल्या वर्षी तो त्यांचा मदतनीस झाला. तो मायकेल फॅरडे. यंदा तुमच्या गॅलरीत जो आकाशकंदील लागला आहे, त्याच्या विजेमागे या माणसाचा १८३१ चा शोध आहे. आणि तिकिटाचे उपकार तो विसरला नाही: १८२५ साली त्यानेच मुलांसाठी नाताळच्या व्याख्यानांची प्रथा पाडली, आणि पुढे एका साध्या मेणबत्तीवर सहा सहा व्याख्याने दिली. त्या दिवशी खिडकीतल्या कोणी "अंतर्गत आहे" म्हटले असते तर?

आपल्याकडेही न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती काही नोंदणी पाहून नव्हे. विद्यापीठांत बहिःशाल शिक्षणाचे विभाग आहेतच. त्या शब्दाचा अर्थच मुळी शाळेबाहेरच्यांसाठी असा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने २००९ साली 'चाय अँड व्हाय' नावाचा उपक्रम काढला, आणि तिथले शास्त्रज्ञ रविवारी सकाळी जुहूच्या पृथ्वी थिएटरात येऊन वाटेल त्याच्याशी फुकट बोलू लागले. दर मार्च महिन्यात जगभर मेंदूविषयीचा जागृती-सप्ताह होतो. तो १९९६ पासून चालू आहे. तेव्हा वाट नाही असे नाही. पण मुंबईच्या मुलाला जुहू आहे, आमच्या तालुक्याच्या मास्तराला काय आहे?

राहिला मराठीचा प्रश्न. "हे विषय मराठीत सांगता येत नाहीत," हे मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता राग येण्याऐवजी कीव येते. मी वर चेतापेशी सांगितल्या, जोडपट्टा सांगितला, मेलेला मासा सांगितला. वाचकांना कळले नसेल तर माझ्या लेखणीचा दोष, भाषेचा नव्हे. शब्द अडला तर इंग्रजीच शब्द मराठीत बोलावा, आमचा विटाळ होत नाही. अडते ते निराळेच आहे. मराठीत सांगायचे म्हणजे स्वतःला नीट कळलेले असावे लागते, आणि सांगून झाल्यावर अनुदानाच्या अर्जात त्याचा एक गुणही धरत नाहीत. तर धरा! व्यावसायिक विकास म्हणता ना? एखाद्या संशोधकाने वर्षभरात तालुक्याच्या गावी चार व्याख्याने मराठीत दिली आणि शिक्षकांच्या प्रश्नांना तोंड दिले, तर तो त्याचाही विकास आणि आमचाही. ज्या प्रयोगशाळेत त्याचे चुंबकीय यंत्र घरघरते, तिच्या विजेचे बिल त्या बस-कंडक्टरच्या काडेपेटीवरच्या करातूनही भरले जाते.

मागणी फार मोठी नाही. महिन्याच्या एका शनिवारी, एक व्याख्यान, मराठीत. शनिवारी आमची शाळा सकाळची असते आणि साडेअकराला सुटते, तेव्हा दुपारी दोनला आम्ही पोहोचू. तासभर तुम्ही बोला, तासभर आम्ही विचारू. ते दोन तास आमच्या पन्नास तासांत धरले जावेत, म्हणजे कोटवाल्याचे तेवढे दोन तास आपोआप कमी होतील. मानधनाचा प्रश्न येत नाही, कारण आम्ही देऊ शकत नाही. चहा तुमचा, चिवडा आमचा. दिवाळीनंतर तो घरोघर उरलेला असतोच. आणि तुमच्या तरुण मंडळींना सामान्य माणसाशी तीन मिनिटे बोलण्याची तालीम करायचीच असेल, तर आम्ही साठ जण येतो, पाहिजे तर दोनशे येतो. स्त्रीपार्टीला आता खरी स्त्री मिळते आहे असे समजावे.

वक्त्याला तयारीला वेळ मिळावा म्हणून माझा पहिला प्रश्न आजच कळवून ठेवतो. एक मुलगा आगगाडीच्या इंजिनाचा दांडा कधी चुकत नाही, पण 'कमळ'चे 'मकळ' वाचतो. सातवीत आहे. रोज अर्धा तास एक बाई त्याला घेऊन बसतात. त्या अर्ध्या तासात त्यांनी नेमके काय करावे?